करवीरचा साज आणि कारागिराची हातोडी

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना झाली की घरोघरी सप्तशतीचे पाठ सुरू होतात. या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात जगदंबेच्या प्रादुर्भावाचे वर्णन आहे. देवांनी तिला आयुधे दिली, हे आपणां सर्वांच्या स्मरणात असते. परंतु त्याच प्रसंगी क्षीरसागराने तिला हार, चूडामणी, कुंडले, बाजूबंद, नूपुर, अंगठ्या आणि ‘ग्रैवेयक’ म्हणजे कंठातील अलंकार अर्पण केला, हे सहसा ध्यानात येत नाही. त्यापाठोपाठ विश्वकर्म्याने परशू आणि अभेद्य कवच दिले. रणात निघालेल्या देवीस दागिन्यांचे काय प्रयोजन, असा प्रश्न कीर्तनानंतर श्रोते विचारतात. त्याचे उत्तर शब्दातच आहे. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, समर्थ. जो समर्थ करतो, तो अलंकार.

आमच्या करवीरक्षेत्री या ग्रैवेयकाचे घरोघरचे रूप म्हणजे कोल्हापुरी साज. नवरात्रापूर्वी श्री अंबाबाईच्या अलंकारांची स्वच्छता होते, तेव्हा ठुशी, चंद्रहार, बोरमाळ, पुतळ्यांची माळ अशा नावांनी भाविकांची मने उजळून निघतात. देवीच्या अंगावर जे शोभते, तेच आपल्या सुनेच्या कंठी असावे, या भावनेने इकडील माणसे पिढ्यान्‌पिढ्या साज करीत आली. सौभाग्यवतीस त्याचे मोल मंगळसूत्राइतकेच.

साजाची पारंपरिक पाने एकवीस सांगतात. त्यांपैकी १० पाने विष्णूच्या दशावतारांची, ८ अष्टमंगलांची, २ माणिक आणि पाचू यांची, आणि उरलेले एक डोरल्याचे. आज बहुधा दहा-बारा पानांचेच साज आढळतात. दोन पानांमध्ये जवाच्या आकाराचे मणी असतात. ज्या माउलीने कधी पोथी उघडली नाही, तिच्याही गळ्यात मत्स्य-कूर्मापासूनची अवतारमालिका विराजमान असते. जपमाळेप्रमाणे त्या पानांवरून बोट फिरवीत देवाची नावे घेणाऱ्या वृद्धा मी पाहिल्या आहेत.

हे घडते कसे, ते पाहावयाचे तर महाद्वारानजीकच्या गुजरी पेठेत जावे. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून पानाचे रूप उठविले जाते. आतील पोकळीत लाख भरतात. त्यामुळे थोड्या सोन्यात पान भरीव दिसते आणि सहजी चेपत नाही. मग घासणे, उजळणे, आणि शेवटी मणी व पाने क्रमाने ओवून गाठविणे. या एका दागिन्यास अनेक हात लागतात. पेठेत आज बंगालमधून आलेले कारागीरही पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलुखात याच दिवसांत दुर्गापूजा असते. आपली माणसे दूर ठेवून ते दुसऱ्यांच्या देवघरासाठी आणि लग्नघरासाठी ठोके घालीत बसलेले असतात.

येथे मला माझा एक अपराध सांगितला पाहिजे. २०११ साली माझ्या कन्येचा विवाह ठरला. नव्या पद्धतीचा यंत्रावरील हार तिला करावा, असे घरात ठरले आणि माझ्या दिवंगत मातोश्रींचा साज मी मोडावयास नेला. वृद्ध कारागिराने तो तळहातावर घेतला, एकेक पान निरखले आणि म्हणाला, “बुवा, सोनं तुम्हाला परत मिळंल. साज नाही मिळायचा. ह्यो ठसा आता कुणाकडं नाही.” मी त्याला वजन करावयास सांगितले. मुशीत लाख जळाली, अवतार वितळले आणि हाती आला एक लहानसा पिवळा गोळा. त्याच आठवड्यात मी दशावतारांवर कीर्तन केले. श्रोते डोलत होते. माझा स्वर मात्र मलाच पोकळ वाटत होता.

काही वर्षांनी कन्येनेच विचारले, “आबा, आजीचा साज कुठं आहे हो?” या प्रश्नाला मजजवळ आजही उत्तर नाही.

सोने धातू आहे. ते पुन्हा मिळते. ठशाची रेघ, हाताचा ठोका आणि पानांचा क्रम मात्र ज्याच्या त्याच्या पिढीबरोबर जातो. म्हणून वाचकांस हात जोडून विनंती आहे की घरातील जुना साज, ठुशी वा बोरमाळ जीर्ण झाली असेल, तर ती मोडण्यापूर्वी जाणत्या कारागिराला दाखवावी. दोरा कुजला तर दागिना पुन्हा गाठविता येतो; पान चेपले तर पुष्कळदा दुरुस्त होते. नवा करावयाचा तर एखादा तरी दागिना हातघडणीचा करावा आणि मजुरीत घासाघीस करू नये. ज्यांना सोने परवडत नाही, त्यांनी खंत बाळगू नये. चांदीवर मुलामा दिलेल्या साजातही तेच अवतार असतात, आणि देवी वजनकाटा घेऊन बसलेली नाही.

खंडेनवमीस आपण शस्त्रे पुजतो. त्याच दिवशी गुजरीतील कारागीर हातोडी, चिमटा, ठसे मांडून त्यांवर हळदकुंकू वाहतो. देवीला आयुधे आणि अलंकार एकाच प्रसंगी मिळाले, या कथेचा अर्थ मला त्या पाटासमोर उभा राहिल्यावर कळला. यंदा नवमीस आपल्या गावच्या सोनाराकडे क्षणभर जावे, त्या अवजारांस नमस्कार करावा, आणि घरातील लेकीसुनांस साजाच्या प्रत्येक पानाचे नाव सांगावे. ज्याचे नाव मुखी राहते, ते मोडावयास हात धजत नाही.

जगदंबा सर्वांच्या कंठी वास करो.