सेट-टॉप बॉक्सला हार्ड डिस्क जोडताय? ‘ओके’ दाबायच्या आधी ग्राहकाला हे सांगा

मागच्या व्हिडिओत आपण डिशच्या बॉक्सला बाहेरून हार्ड डिस्क कशी जोडायची ते पाहिलं. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून ज्या गोष्टी बोलायच्या राहिल्या त्या इथे सविस्तर लिहितो. ज्यांचं मोबाईल रिपेअरिंगचं, डिश फिटिंगचं किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं दुकान आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. देवळीकडचे एक काका बॉक्स आणि घरची हार्ड डिस्क घेऊन आले. म्हणाले, “भाऊ, याच्यात रेकॉर्डिंग चालू करून द्या.” मी डिस्क लावली. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला, मी न वाचता ओके दाबलं. दोन मिनिटांत रेकॉर्डिंग सुरू. काका खूश, मीही खूश.

तिसऱ्या दिवशी काका परत आले. “भाऊ, टीव्हीचं सारं बरोबर हाय, पण माह्या पोरीच्या लग्नाचं काहीच दिसून नाही राहिलं. काहून?”

त्या डिस्कमध्ये लग्नाचा व्हिडिओ होता, त्यांच्या वारलेल्या आईचे फोटो होते. मी ओके दाबलं तेव्हा बॉक्सने पूर्ण डिस्क फॉरमॅट केली होती. रिकव्हरी सॉफ्टवेअरने काही फोटो परत मिळाले, लग्नाचा व्हिडिओ मिळाला नाही, कारण दोन दिवसांत त्याच जागेवर मालिका रेकॉर्ड झाल्या होत्या. काका भांडले नाहीत. नुसते “ठीक आहे” म्हणून निघून गेले. मित्रांनो, ग्राहक भांडला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणून आजचा मुद्दा एकच: हे काम पाच मिनिटांचं आहे, पण त्याआधीची दोन मिनिटं ग्राहकाशी बोलण्याची आहेत.

बॉक्स डिस्क फॉरमॅट का करतो?

कॉम्प्युटर जशी डिस्क वाचतो, तशीच बॉक्स वाचेल असं नाही. पैसे भरून चालणाऱ्या डीटीएच कंपन्यांचे बरेच बॉक्स डिस्कवर स्वतःची वेगळी मांडणी करतात आणि रेकॉर्डिंग कुलूपबंद करून ठेवतात, म्हणजे एन्क्रिप्ट करतात. ते रेकॉर्डिंग त्या एका बॉक्सलाच उघडतं. शेजाऱ्याच्या बॉक्सला लावलं तरी चालत नाही, लॅपटॉपवर तर नाहीच.

यातून ग्राहकाला सांगायच्या तीन गोष्टी निघतात.

१. डिस्क रिकामी किंवा नवीन हवी. घरचे फोटो असलेली डिस्क कधीच लावायची नाही.

२. बॉक्स बिघडला आणि बदलून दुसरा आला, तर जुनं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा हाती लागत नाही. अनेक बॉक्समध्ये रिचार्ज संपलं तरी जुनं रेकॉर्डिंग उघडत नाही.

३. बॉक्सची डिस्क कॉम्प्युटरला लावली तर विंडोजला ती समजत नाही आणि ते विचारतं, “डिस्क फॉरमॅट करायची का?” तिथे कॅन्सलच दाबायचं. पोरांनी हौसेने ओके दाबलं की सगळं रेकॉर्डिंग गेलं.

फ्री डिशचं थोडं वेगळं आहे. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. तिच्यावरचे बरेच चॅनल खुले आहेत, त्यामुळे बाजारातल्या साध्या बॉक्सने पेन ड्राईव्हवर केलेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतं. पण फॉरमॅटचा प्रश्न हे बॉक्सही विचारू शकतात. तेव्हा नियम तोच.

यूएसबी आहे म्हणजे रेकॉर्डिंग आहे, असं नाही

ग्राहक म्हणतो, “भोक आहे ना मागे, मग लावा.” थांबा. काही बॉक्सचं यूएसबी फक्त सॉफ्टवेअर अपडेटसाठी किंवा फोटो-गाणी चालवण्यासाठी असतं. रिमोटवर लाल ठिपक्याचं किंवा ‘रेक’ लिहिलेलं बटण आहे का बघा. मेनूमध्ये पीव्हीआर किंवा रेकॉर्डिंग असा भाग शोधा. काही कंपन्यांमध्ये ही सोय वेगळी चालू करून घ्यावी लागते. आधी आपल्या दुकानातल्या रिकाम्या पेन ड्राईव्हवर एक मिनिट रेकॉर्ड करून बघा, मगच डिस्क विका.

डिस्क आत बसवलेले बॉक्सही असतात. टाटा स्काय प्लस २००८ मध्ये आला, तो असाच होता. असा बॉक्स घेऊन कोणी आलं तर बाहेरची डिस्क चालते का हे आधी तपासा, उगाच हो म्हणू नका.

किती जीबी लागेल? हिशोब करून सांगा

इथे आपण व्यापारी म्हणून वेगळे दिसतो. “मोठी घ्या” म्हणणं सोपं आहे, हिशोब मांडला की विश्वास बसतो.

साधा चॅनल सेकंदाला २ ते ४ मेगाबिट डेटा पाठवतो असं धरा. ८ बिट म्हणजे १ बाईट, म्हणून ४ मेगाबिट म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी. तासाचे ३,६०० सेकंद, म्हणजे तासाला १.८ जीबी. एचडी चॅनल ८ मेगाबिटचा धरला तर तासाला ३.६ जीबी. प्रत्येक चॅनलचा आकडा थोडा कमी-जास्त असतो, पण अंदाजाला हे पुरेसं आहे.

मग ३२ जीबीच्या पेन ड्राईव्हमध्ये साध्या चॅनलचे साधारण १७ तास बसतात. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये एचडीचे १३५ तासांच्या आसपास. ज्याला रोजची एक मालिका बघून पुसून टाकायची आहे, त्याला १ टीबीची डिस्क गळ्यात मारू नका. तो माणूस पुढच्या वेळी तुमच्याकडेच येईल. शिवाय जुन्या बॉक्सना अनेकदा २ टीबीपेक्षा मोठी डिस्क ओळखूच येत नाही.

अजून एक गंमत. डिस्क फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. वरच्या हिशोबाने एचडीचं रेकॉर्डिंग साधारण ७० मिनिटांत तिथे पोहोचतं. काही बॉक्स फाईलचे तुकडे करून पुढे चालू ठेवतात, काही तिथेच थांबतात. पिक्चर अर्धाच रेकॉर्ड होतो अशी तक्रार आली तर आधी हे तपासा. बॉक्सला एनटीएफएस चालत असेल तर ते वापरा.

डिस्क टिकटिक करते, बॉक्स बंद-चालू होतो

ही सर्वात जास्त येणारी तक्रार. यूएसबी २.० पोर्टमधून नियमाने ५०० मिलिअँपिअर करंट मिळतो. हार्ड डिस्कची तबकडी फिरायला सुरू होताना त्यापेक्षा जास्त ओढू शकते. करंट कमी पडला की डिस्क टिकटिक करते, लाईट लागतो-विझतो. डिस्क खराब नसते, उपाशी असते!

उपाय दोन. दोन तोंडांची वाय केबल घ्या, एक तोंड बॉक्सला आणि दुसरं वेगळ्या चार्जरला. किंवा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब वापरा. डिस्क बदलून द्यायच्या आधी हे करून बघा.

पेन ड्राईव्हला ही अडचण नाही, पण स्वस्तातले नकली पेन ड्राईव्ह बाजारात आहेत. वर ६४ जीबी लिहिलेलं, आत त्याहून खूप कमी. रेकॉर्डिंग झालेलं दिसतं, चालवायला गेलं की काहीच नाही. विकण्याआधी एकदा पूर्ण भरून तपासा.

आपल्या भागातल्या दोन अडचणी: लाईट आणि ऊन

रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली की ती फाईल तुटते, कधी पूर्ण डिस्कच वाचता येत नाही. इन्व्हर्टर असेल तर बॉक्स त्यावर घ्या. डिस्क काढताना आधी रेकॉर्डिंग थांबवा, मेनूमध्ये डिस्क काढायचा पर्याय असेल तर तो वापरा, नाहीतर बॉक्स बंद करून मगच काढा.

दुसरं, मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो. बॉक्स स्वतःच तापलेला असतो आणि लोक डिस्क नेमकी त्याच्यावर ठेवतात. बाजूला ठेवा, कपड्याने झाकू नका.

हे अजून कोणाला लागतं?

तुम्ही म्हणाल, मोबाईलच्या जमान्यात रेकॉर्डिंग कोण करतं? माझ्याकडे येणारे बहुतेक शेतकरी आहेत. संध्याकाळी सह्याद्रीवर शेतीचा कार्यक्रम लागतो तेव्हा माणूस ओलिताला गेलेला असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तर घरात कोणीच नसतं. डीडी किसान २६ मे २०१५ ला सुरू झाला, त्याचंही असंच. मोबाईलचा डेटा संध्याकाळपर्यंत पोरांनी संपवलेला असतो.

अशा ग्राहकाला टायमर लावून द्या. आधी बॉक्सची वेळ तपासा. साध्या बॉक्समध्ये ‘जीएमटी’ नावाची सेटिंग असते, ती अधिक ५:३० हवी, नाहीतर रेकॉर्डिंग साडेपाच तास चुकतं. टीव्ही बंद चालेल, पण बॉक्सचं बटण भिंतीवरून बंद करायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. आणि एका ट्यूनरच्या बॉक्सवर रेकॉर्डिंग चालू असताना सहसा दुसरा चॅनल बघता येत नाही, हे आजीला आधीच सांगून ठेवा!

माझ्या दुकानातली पद्धत

काकांच्या प्रसंगानंतर मी पावतीमागे चार ओळी छापून घेतल्या: डिस्क पूर्ण पुसली जाईल. रेकॉर्डिंग याच बॉक्सवर चालेल. रेकॉर्डिंग घरी बघण्यासाठी आहे, कॉपी विकण्यासाठी नाही. चुकून काही पुसलं गेलं तर डिस्क लगेच काढा, त्यावर पुढे काहीच रेकॉर्ड करू नका.

या ओळी मी ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवतो, “यात घरचं काही आहे का?” असं विचारतो आणि मगच ओके दाबतो, तेही ग्राहकासमोर. कधी कधी कोणी म्हणतं, “थांबा भाऊ, पोराला फोन करून विचारतो.” त्या वेळी माझी विक्री एक दिवस पुढे जाते. जाऊ द्या.

काका नंतर वर्षभराने मुलाचा मोबाईल घ्यायला आले. मी स्वतःहून त्या डिस्कचा विषय काढला आणि माफी मागितली. ते म्हणाले, “तेव्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना बाप्पा.”

तेवढंच, मित्रांनो. विचारा. तुमच्या दुकानात असं काही घडलं असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू.