दोन मिनिटं गुणिले ९३ लाख
अंधेरी, जोगेश्वरी आणि विलेपार्ले यांचे पूर्वेकडचे भाग मिळून पालिकेचा के-पूर्व विभाग होतो. २०११च्या जनगणनेत तिथे सुमारे ८ लाख २४ हजार माणसं मोजली गेली. भूतान या अख्ख्या देशाची २०१७ची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आत. मरोळ, चकाला, मजासवाडी एवढ्या टापूत एक भूतान मावतो आणि वर माणसं उरतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष असा, की ५० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं. या एका विभागाला सोळा-सतरा लागतील, मुंबई उपनगर जिल्ह्याच्या ९३ लाख ५७ हजारांना १८७. लोकसंख्या अर्थात २०११ची. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते बोरिवलीकराला विचारा.

आता धरून चालू, की उपनगरातला प्रत्येक जण वर्षातून एकदाच सरकारी दवाखान्याची पायरी चढतो. (मधुमेहाचा पेशंट हसेल, असो.) वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर रोज ३१,१९० माणसं. प्रत्येकाची रांगेत एकच तास गेला तर वर्षाकाठी जिल्ह्याचे एकूण १,०६८ वर्षांइतके तास नुसते बाकावर बसून सरतात. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, म्हणजे त्याला अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत.

आणि आत गेल्यावर? २०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात ६७ देशांचा आढावा आला होता: प्राथमिक उपचाराचा डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतो? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, भारतात सुमारे दोन मिनिटं.

दोन मिनिटांत काय होतं ते कुठल्याही दवाखान्यात दिसतं. ‘काय होतंय?’ला ‘चक्कर येते’ म्हणेपर्यंत डॉक्टरांचं पेन चालू झालेलं असतं. प्लास्टिकच्या पिशवीतून जुने कागद काढायला अर्धं मिनिट. पिशवीची गाठ सुटली नाही तर पाऊण. औषधांच्या खिडकीवर कात्रीने कापलेली पट्टी हातात पडते, ‘जेवल्यावर, सकाळ-संध्याकाळ’ ऐकू येतं, की मागून ‘पुढचा!’

डॉक्टरला दोष देणं सोपं आहे, पण हिशेब बघा. सात तासांच्या पाळीत चहालाही न उठता दोन मिनिटांनी २१० पेशंट होतात, स्वीडनच्या चालीने जेमतेम १९. रोजच्या त्या ३१,१९० जणांना दोन मिनिटांच्या दराने दीडशे डॉक्टर पुरतात. स्वीडनच्या दराने १,६७१ लागतील.

आता समाधान. केंद्र सरकारने २०१६पासून ‘मेरा अस्पताल’ नावाने पेशंटचा अभिप्राय घ्यायला सुरुवात केली. एसएमएस येतो, फोन येतो. नाराज असाल तर कारण विचारतात: कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च, उपचारांचा दर्जा. चांगली गोष्ट आहे. पण हा प्रश्न जातो येऊन गेलेल्याकडे. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५५ टक्के घरांनी सांगितलं होतं, की आजारपणात आम्ही सहसा सरकारी दवाखान्यात जातच नाही. सर्वांत जास्त घरांनी दिलेली तीन कारणं म्हणजे दर्जा बरा नाही, जवळ केंद्र नाही, फार थांबावं लागतं. सर्वांत वैतागलेला माणूस गल्लीच्या तोंडाशी खासगी डॉक्टरकडे पैसे मोजतोय. टक्केवारीत तो धरलेलाच नाही. म्हणून ‘इतके टक्के रुग्ण समाधानी’ अशी ओळ वाचली की मी आधी विचारतो, कुणाला विचारलं?

नोव्हेंबर २०२२मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ची वेळ सकाळी ७ ते २ आणि दुपारी ३ ते रात्री १० अशी ठरवली गेली. माझ्या मते त्या योजनेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच. सीप्झमधून सहाला सुटणाऱ्या बाईला खाडा न करता डॉक्टर भेटू शकतो. बुडालेली रोजी कुठल्याच अभिप्रायात येत नाही, पण फुकटच्या गोळ्यांची खरी किंमत तीच असते.

दोनाऐवजी तीन मिनिटं करायची ठरवली, तर आपल्या त्याच हिशेबाने उपनगराला आणखी ७४ डॉक्टर लागतात. त्या जादा मिनिटात एवढंच विचारून होईल: बीपीची गोळी कधीपासून बंद केलीत, आणि का?