दूर राहून एकत्र काम करताना

कार्यालय किंवा कारखाना म्हणजे केवळ काम करण्याची जागा नव्हे. तेथे माणसे एकमेकांचे काम पाहून शिकतात, अडचण आली तर शेजारच्याला विचारतात. एखादा नियम बदलला तर ती वार्ता जेवणाच्या सुटीत सर्वांपर्यंत पोहोचते. त्यासाठी कोणी वेगळी व्यवस्था केलेली नसते. एका छपराखाली वावरल्यामुळे हे सारे आपोआप घडते. काम घरी आले, की आपोआप घडणारे हे व्यवहार थांबतात. म्हणूनच दूर राहून काम करणाऱ्यांना सहकाऱ्यांशी असलेला संबंध जाणीवपूर्वक जपावा लागतो.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली आणि असंख्य कर्मचारी घरूनच संगणकावर काम करू लागले. अनेकांना ही पद्धत नवी वाटली. परंतु विड्या वळणे, कपडे शिवणे, उदबत्त्या तयार करणे अशी कामे आपल्या देशातील स्त्रिया पिढ्यानपिढ्या घरीच करीत आल्या आहेत. त्यांच्या अनुभवातून एकटेपणाची खरी किंमत कळते. शेजारच्या गल्लीतील बाईला हजार विड्यांमागे किती मजुरी मिळते हेच ठाऊक नसेल, तर ठेकेदार देईल तो दर मुकाट्याने घ्यावा लागतो. त्याने माल नापास ठरवला, तर दाद मागायची कोणाकडे? अशा विखुरलेल्या कष्टकरी स्त्रियांना एकत्र आणण्यासाठी इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबाद येथे ‘सेवा’ ही संघटना उभारली.

घरी काम करूनही एकटे न पडण्याचे एक बोलके उदाहरण मुंबईत आढळते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी उसन्या घेतलेल्या ८० रुपयांच्या भांडवलावर पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातूनच ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था वाढली. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला. या संस्थेत पीठ शाखेत मळले जाते. सभासद भगिनी सकाळी शाखेत येऊन ते घेऊन जातात, घरी पापड लाटून वाळवतात आणि तयार पापड पुन्हा शाखेत जमा करतात. तेथे त्यांची तपासणी होते व कामाचा मोबदला मिळतो. लाटण्याचे काम ज्याच्या त्याच्या घरी होत असले, तरी ही देवाणघेवाण सर्वांच्या समक्ष होते. पापड जाड का झाला, हे तेथेच समजते. नेहमी येणारी भगिनी आली नाही, तर तिची चौकशीही तेथे सहज होऊ शकते. शिवाय प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक मानली जाते. त्यामुळे अंतर असले, तरी परकेपणा राहत नाही.

या उदाहरणातून मिळणारा बोध संगणकावर काम करणाऱ्यालाही उपयोगी आहे. पहिली गोष्ट म्हणजे भेटीची वेळ ठरलेली असावी. ‘सवड मिळाली की बोलू’ असे म्हटले, की ती सवड सहसा मिळत नाही. दुसरी गोष्ट, कामाची माहिती सर्वांना सारखीच मिळावी. काही जण कार्यालयात व काही घरी असतील, तर चहा पिताना ठरलेली गोष्टही घरी असणाऱ्यांना लगेच लिहून कळवली पाहिजे. अन्यथा ते हळूहळू निर्णयाबाहेर पडतात. नवख्या कर्मचाऱ्याची तर अधिकच काळजी घ्यावी लागते, कारण पाहून शिकण्याची संधी त्याला मिळालेली नसते. त्याने प्रश्न विचारावेत म्हणून एखाद्या अनुभवी सहकाऱ्याचे नाव त्याला आधीच सांगून ठेवावे.

लेखी संदेशाची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. ‘आजच पाठवा’ या दोन शब्दांत विनंती आहे की राग, हे वाचणाऱ्याला कळत नाही. कारण आवाजातील चढउतार अक्षरांत उतरत नाहीत. म्हणून चूक दाखवायची असेल किंवा गैरसमज झाला असेल, तर प्रत्यक्ष किंवा दूरध्वनीवर बोलणे हितावह ठरते. मात्र संपर्क म्हणजे पाळत नव्हे. रात्री-अपरात्री संदेश पाठवून उत्तराची अपेक्षा करणे, हे सहकाऱ्याच्या घरात न विचारता शिरण्यासारखेच आहे.

मुक्त शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना तर हा अनुभव जवळचा आहे. पुस्तक घरी एकट्याने वाचता येते. पण अभ्यास केंद्रावरील संपर्क वर्गात आपल्यासारखेच शिकणारे दहा जण भेटतात, तेव्हा अडलेला प्रश्न सुटतो आणि नेटही टिकतो. कामाचेही तसेच आहे. जागा वेगळ्या असल्या तरी चालते, परंतु आपल्या सोबत कोण आहे हे प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.