काठ खाली राहिला

इंजिन थांबतं आणि कान एकदम रिकामे होतात. सकाळी ककरान्याहून बोट सुटल्यापासूनची धडधड अंगात भिनली आहे. ती बंद झाली तरी तळपायांना जाणवतच राहते. मग एकेक आवाज सुटा ऐकू येऊ लागतो. बोटीच्या पोटावर चपचपणारं पाणी, आणि वर कुठंतरी डोंगरात बकरीच्या गळ्यातली घंटी.

"पंख्यात जाळं गुंतलंय," बोट चालवणारे दादा शर्ट काढता काढता सांगतात. "अर्धा-पाऊण तास जाईल. उतरा ताई, पाय मोकळे करा."

बोट वेळूच्या काठीनं रेटत रेटत कडेला लागते. माझ्यासोबत रेशनची दोन पोती, कांद्याची एक गोणी, पाय बांधलेल्या तीन कोंबड्या आणि धडगावच्या बाजारातून लांबच्या वाटेनं घरी निघालेलं एक कुटुंब आहे. त्यातली बाई सराईतपणे चपला हातात घेते, लेकराला कडेवर उचलते आणि पाण्यात उतरते. मी उतरते ती थेट पोटरीभर गाळात. गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो. पाऊल पडलं की लोण्यासारखा दबतो आणि सोडताना चिकटून धरतो. "तिथं नको, दगडावरून या," बाई वळून हात देते. माणसं आणि ढोरं या गाळात रुततात हे मी ऐकून होते. आता पाय ओढून काढताना ते पोटात कळतं.

वर येऊन खडकावर बसते. हा नंदुरबार जिल्ह्याचा काठ, डोमखेडीचं शिवार. समोर, पलीकडच्या डोंगरावर मध्य प्रदेशातलं जलसिंधी. दोहोंच्या मध्ये हिरवट, जाड, जवळजवळ न हलणारं पाणी. नकाशात ही नर्मदा आहे, पण नदीसारखं इथं काहीच वाहताना दिसत नाही. हा सरदार सरोवराचा 214 किलोमीटर लांबीचा जलाशय आहे. 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि 2019च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत, म्हणजे पूर्ण पातळीला टेकलं. जानेवारी संपत आल्यानं आता ते खाली सरकलंय. दोन्ही अंगांच्या डोंगरांना त्याचा पट्टा उमटलाय: वर सागाची पानगळती झाडी, खाली एकही गवताची काडी नसलेली राखाडी जमीन. त्या पट्ट्यात मेलेल्या झाडांची खोडं उभी आहेत, फांद्यांशिवाय, पांढरी पडलेली. एका खोडावर पाणकावळा पंख पसरून बसलाय.

धुराचा वास येतो. मघाच्या बाईची सासू वरच्या घरातून खाली आली आहे. तीन दगड मांडून तिनं चहा ठेवलाय, आणि फडक्यात बांधून आणलेली मक्याची भाकरी व आमचूर घातलेली उडदाची डाळ माझ्यापुढे सरकवते. भाकरी जाड, कडेला करपलेली, गरम. आमचूर जिभेला असा लागतो की दिवसभराची डिझेलची चव निघून जाते. आजी माझ्याशी मराठी बोलतात, सुनेशी पावरीत. मी विचारते, "आजी, नदीवर रोज येता?"

"नदी?" आजी पाण्याकडे बघतात. मग हात लांब करून पार मध्यावर, बोटीच्याही पलीकडे, बोट दाखवतात. आणि ते बोट खाली वळवतात. "नदी तिथं. खाली. तिथून पाणी भरून आणायचो. उन्हाळ्यात वाळूत झिरा खणायचा, गोड पाणी लागायचं. हा डोंगर आहे. इथं आम्ही लाकडं तोडायला यायचो."

मी बसले आहे त्या खडकाकडे बघते. काठ म्हणून ज्यावर उतरले तो डोंगराचा उतार आहे. काठ, वाळू, झिरा, चढाची पायवाट, सगळं माझ्या पायांच्या कितीतरी खाली आहे. 1999च्या पावसाळ्यात याच डोमखेडीत मेधा पाटकर आणि गावकरी धरणाविरोधातल्या सत्याग्रहाच्या झोपडीत चढत्या पाण्यात उभे होते. त्यांचे फोटो मी वर्तमानपत्रात पाहिले होते आणि आज ती जागा डोळ्यांनी पाहायची ठरवून निघाले होते. ती मला दिसणार नाही, हे मला घरीच समजायला हवं होतं. महाराष्ट्रातली बुडितातली गावं 33. हा आकडा मी अनेकदा लिहिलाय. त्याखाली झिरा खणणारे हात असतात, हे लिहिताना मनात आलं नव्हतं.

"घर?" मी विचारते.

"दोनदा हलवलं. खांब तेच," आजी वर दाखवतात. कुडाच्या भिंती नव्या, बांबूचा रंग अजून पिवळसर. सागाचे खांब मात्र काळे, हात लागून लागून गुळगुळीत. एका खांबाला जमिनीपासून हातभर उंचीवर पाण्याची जुनी रेघ आहे. नातू त्याला टेकून उभा राहतो. रेघ त्याच्या मांडीला लागते.

खालून हाक येते. दादांनी विळ्यानं जाळं कापून काढलंय. नायलॉनचा हिरवा गुंताडा फळीवर पडलाय आणि त्यात बोटाएवढा एक जिवंत मासा तडफडतोय. दादा तो अलगद सोडवून पाण्यात टाकतात. आजी उरलेली भाकरी फडक्यात बांधून माझ्या पिशवीत घालतात. नको म्हणायला वावच ठेवत नाहीत.

हँडल तीनदा मारल्यावर इंजिन धरतं. समोर मणिबेलीच्या दिशेनं पाणी मोकळं पसरलंय, अडवायला काही नाही. तरी दादा सुकाणू वळवतात आणि बोट डावीकडून मोठं वळण घेते.

"सरळ का नाही जायचं?"

"खाली चिंच आहे," दादा म्हणतात. "आमच्या अंगणातली. या दिवसांत शेंडा पंख्याला लागतो."