मदतीचा टेम्पो निघून गेल्यावर

आपत्ती आणि आपण : लेखांक ७

पूर ओसरला की पहिल्या आठवड्यात गावात टेम्पोंची रांग लागते. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, जुन्या कपड्यांची गाठोडी. (त्या गाठोड्यांत हमखास जरीच्या साड्या कशा निघतात, हे कोडं मला सुटलेलं नाही.) महिन्याभरात रस्ता सामसूम. भिंत मात्र तेव्हाच उभी करायची असते, बी-बियाणं तेव्हाच घ्यायचं असतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर धारवाड-बेळगावपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत पूरग्रस्तांपुढे हाच प्रश्न होता.

चर्चची मंडळी खरी कामाला येते ती या सामसुमीत, कारण तिची अर्पणाची थैली दर रविवारी फिरतेच. रीत जुनी आहे. यहूदीयातल्या दुष्काळग्रस्तांना अंत्युखियाच्या मंडळीनं ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे मदत पाठवली होती. पौलानं तर करिंथकरांना बजावलं, की मी आल्यावर वर्गणी गोळा करत बसू नका, दर आठवड्याला थोडं बाजूला काढत चला. दक्षिणेतल्या अनेक चर्चमध्ये सुगीच्या उपकारस्तुतीला लिलाव होतो. वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो आणि घेणारा तोच भोपळा पुन्हा लिलावात ठेवतो.

आपल्याकडेही दुष्काळात मिशनांचा आधार झाला, आणि वादही. बासेल मिशन ही ख्रिस्ती मिशनसंस्था धारवाडला १८३७ मध्ये आली, हुबळीला १८३९ मध्ये. १८७६-७८ च्या दुष्काळात इथे रेल्वे पोचायची होती. धान्य बैलगाडीनं आणायचं, तर बैलांनाच चारा नाही. सरकारनं दुष्काळी कामं काढली, पण खडी फोडायला अंगात बळ लागतं. पोरकी पोरं कुणी सांभाळायची? ती मिशनांच्या दारी आली, आणि तिथून धर्मांतराचा वाद सुरू झाला.

तो वाद निराधार नव्हता. मात्र तेलुगू मुलखात ओंगोलच्या मिशनरी जॉन क्लफचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यानं बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैल खोदाईचा मक्ता घेऊन लोकांना काम दिलं आणि मदत चालू असेतो बाप्तिस्मे बंद ठेवले. ते सुरू झाल्यावर ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. यावरून ज्यानं त्यानं आपापला निष्कर्ष काढला. पुढे १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि मदतसंस्थांची आचारसंहिता आली. मदत धर्म पाहून द्यायची नाही आणि धर्मप्रसारासाठी वापरायची नाही, हे तिनं लेखी केलं. ती घडवणाऱ्यांत चर्चच्या जागतिक संघटनाही होत्या.

दुष्काळातच आईवडील गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणल्या. केडगावला त्यांना नुसतं जेवू घातलं नाही, विणकाम, शेती, छापखाना शिकवला. मला पुनर्वसन म्हणतात ते हेच वाटतं.

तुमच्या मंडळीत, मंडळात किंवा सोसायटीत पूरनिधी जमत असेल, तर त्यातला अर्धा सहा महिने राखून ठेवा. आणि तेव्हा गावात फोन करून विचारा, आता काय लागतंय?