गाव बुजले, बिशप मात्र राहिला

कॅथलिक चर्चच्या कारभारात आपला बुलढाणा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत 1955 चा. त्यात गावे आहेत, माणसे आहेत. रोमच्या दप्तरी मात्र असेही धर्मप्रांत आहेत की जिथे एकही भाविक उरलेला नाही. बिशप म्हटला की तो कुठल्यातरी गावाचा असावाच लागतो. म्हणून ज्याच्याकडे स्वतःचा धर्मप्रांत नाही, त्याला अशा बुजलेल्या गावाचे नाव देतात. त्यांतले फुस्साला हे नाव थेट गोव्याच्या दिवाडी बेटाशी जोडलेले आहे.

फुस्साला आजच्या अल्जेरियात, हिप्पो शहरापासून चाळीस मैलांवर होते. सत्ता रोमची, माती बर्बरांची, लोकांच्या तोंडी प्यूनिक भाषा. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांना एवढ्या लांबचा कारभार झेपेना. फुस्सालाला वेगळा बिशप द्यायचा आणि त्याला प्यूनिक यायलाच हवी, असे त्यांनी ठरवले. पण निवडलेल्या धर्मगुरूने ऐन वेळी नकार दिला. पाहुणे बिशप लांबून येऊन बसलेले. ऑगस्टीननी घाईने मठात वाढलेल्या विशीतल्या अँटोनिनसला पुढे केले. त्याने लोकांचा पैसा, कपडे, गुरे, पीक, लाकडे, शेवटी दगडसुद्धा लुबाडले. सुमारे 423 साली ऑगस्टीननी पोपला पत्र लिहून दोष स्वतःकडे घेतला आणि पद सोडण्याचा विचारही बोलून दाखवला. एवढ्या अधिकाराच्या माणसाने अशी लेखी कबुली द्यावी, हे मला त्यांच्या ग्रंथांइतकेच मोठे वाटते. याच प्रकरणावरचे त्यांचे दुसरे पत्र तर 1981 मध्ये प्रथम छापले गेले. फुस्सालाची नेमकी जागा आज कोणी दाखवू शकत नाही; तिथल्या रयतेचे गाऱ्हाणे मात्र तपशीलवार हाती आहे.

सतराव्या शतकात भारतातले बिशप नेमण्याचा हक्क पोर्तुगालचा राजा सांगत असे. त्या हक्काला वळसा घालायला रोमला ही बुजलेली नावे उपयोगी पडली. 1637 मध्ये दिवाडीचे मातेऊस दे कास्त्रो अशाच बुजलेल्या ख्रिसोपोलिसचे बिशप झाले. त्यांनी आदिलशाहीतल्या डिचोलीत काम केले. पुढे त्यांच्याच घराण्यातले तोमास दे कास्त्रो फुस्सालाचे बिशप म्हणून कानडा किनाऱ्यावर गेले. ज्या गावासाठी ऑगस्टीननी तिथली भाषा जाणणारा बिशप शोधला होता, त्याच गावाच्या नावाने गोव्याचा माणूस कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांमध्ये पोचला.

फुस्सालाचे हे बिशप 1684 मध्ये मंगळुरात वारले.