डलहौसीच्या घरी मुक्काम?

ज्या लॉर्ड डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं, त्याच्या घरात आज पैसे मोजून झोपता येतं! स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या दक्षिणेला, शहरापासून जवळच असलेला डलहौसी कॅसल आता हॉटेल झालाय. साहेब १८१२ मध्ये इथेच जन्मले आणि १८६० मध्ये इथेच वारले. मधल्या काळात १८४८ ला सातारा आणि १८५४ ला नागपूर-झाशी घशात घातली. बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुटली तीही त्यांच्याच कारकिर्दीत, हे मान्य करायला हवं. पण खरी मेख पुढेच आहे. ‘दत्तक वारस चालणार नाही’ म्हणत संस्थानं गिळणाऱ्या या गृहस्थांना दोन्ही मुलीच. त्यामुळे त्यांचा ‘मार्क्वेस’ हा किताब त्यांच्याबरोबरच संपला. खालसाच म्हणा ना!

याच कॅसलच्या तळघरातल्या अंधारकोठडीत हॉटेलने रेस्टॉरंट थाटलंय. एकेकाळी तिथं कैद्यांचे हाल कुत्रा खात नसे.

जुन्या थाटाच्या खोल्यांमधला चार खांबांचा पलंग फोटोपुरता नव्हे. पूर्वी शेकोटीची ऊब बरीचशी धुराड्यातूनच पसार व्हायची. जाड पडदे चहूबाजूंनी ओढले की अंगाचीच ऊब आत कोंडून राहायची. शिवाय नोकरमाणसं बऱ्याचदा त्याच खोलीत जमिनीवर पथारी टाकत, तेव्हा आडोसाही हवाच.

पलंगाच्या पायथ्याशी घडी घातलेल्या चौकड्याच्या टार्टनवर एकेकाळी कायद्याची नजर होती. कलोडनच्या लढाईत ब्रिटिश राजाविरुद्धचे बंडखोर हरले आणि १७४६ च्या कायद्याने पुरुषांना हायलँड या डोंगराळ भागाचा हा पारंपरिक वेश बंद झाला. बंदी उठली ती थेट १७८२ मध्ये. पुढे १८२२ मध्ये खुद्द राजा चौथा जॉर्ज किल्ट घालून एडिंबरोत मिरवला!

गोल जिना चढताना गाइड छातीठोकपणे सांगेल, की उजव्या हाताने तलवार चालवणाऱ्या शत्रूची अडचण व्हावी म्हणून तो असा वळवलाय. ऐकायला झकास, पण अनेक इतिहासकारांना ते पटत नाही.

जवळच्याच बॉर्थविक कॅसलमधून १५६७ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी पुरुषी वेशात निसटली. इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या तोफांनी १६५० मध्ये पाडलेलं खिंडार त्याच्या भिंतीवर अजून दिसतं. डागडुजीचा कंटाळा असावा!

पश्चिम किनाऱ्यावरच्या कलेन कॅसलचा वरचा मजला १९४५ मध्ये जनरल आयझेनहॉवर यांना हयातभर वापरायला दिला होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असतानाही ते तिथे राहून गेले. पुढे त्या खोल्या पाहुण्यांसाठी खुल्या झाल्या.

जायचं ठरवलंत, तर खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का, हे आधी विचारा. जुन्या वास्तूत तोडफोड करायला सहज परवानगी मिळत नाही, आणि अरुंद गोल जिन्यात मोठी बॅग हमखास अडकते.